बार ऐकू यायचा तेव्हा

कार्तिक लागला, गरवं भातही कापून खळ्यावर आलं की वसईच्या पश्चिम पट्ट्यात पहाटे बार ऐकू यायचे. एक बार, थोडी शांतता, मग दुसरा, आणि त्यापाठोपाठ टिटव्यांचा कल्ला. सत्तरच्या दशकात गास-चुळण्यापासून उमेळे-नायगावच्या मिठागरांपर्यंत सगळं रान मोकळं होतं. मधे अडवायला इमारत नव्हती, त्यामुळे आवाज कोसभर पोचायचा. घरातली म्हातारी माणसं अंथरुणातूनच अंदाज बांधायची, हा खाजणातला, हा तळ्याकाठचा. पंचक्रोशीत दोननळी कोणाकोणाकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचं. म्हणून बारावरून माणसाचं नावही सांगितलं जायचं, आणि दुपारी कोणाच्या घरी पाणलावे शिजणार हेही.

त्याच पट्ट्यात आजही पाखरं मारली जातात. आता मात्र ऐकू काहीच येत नाही.

त्या जुन्या पहाटेची ओढ मी लपवणार नाही. पण आमच्याकडे हल्ली एक सवाल फार ऐकू येतो, ‘पूर्वी चालायचं, मग आता का नाही?’ या सवालाचं उत्तर द्यायचं तर आधी तेव्हाचं सगळं नीट सांगायला हवं, कारण सवाल विचारणाऱ्यांना ते ठाऊक नाही असं मला दिसतं.

तेव्हाची वसई पाण्याची होती. दक्षिणेला उल्हास नदीची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. डोंगरावरून येणारं पाणी भातशेतीतून, ओहोळांतून, खाजणांतून सावकाश समुद्राकडे जायचं. वाड्यांमध्ये बावखलं होती. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीच्या कडेला खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, मुरायचं, आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवायचं. विहिरींवर रहाट चालायचे आणि त्या पाण्यावर केळी, पानवेली, भाजी, फुलं व्हायची. बावखलाच्या काठच्या झुडपांत पाणकोंबडी पिलांना घेऊन फिरायची. ढोकरी एका पायावर तासन् तास उभी असायची, आणि ती उडाली की मातकट अंगातून एकदम पांढरे पंख उघडलेले पाहून आम्ही पोरं दर वेळी तितकीच चकित व्हायचो. खंड्याला तर कोणी पाहुणा समजतच नसे.

पाणी गोडं असो की खारं, पाखरांची जागा ठरलेली होती. कापलेल्या भाताच्या ओल्या खुंटांत पाणलावे. निर्मळच्या तळ्यावर, शेतांच्या पाणथळीत भुवई बदकं, तलवार बदकं, रुंद चोचीचे थापटे. मिठागरांच्या कोंड्यांत लांब गुलाबी पायांचे शेकाटे आणि तुतवारांचे थवे. खाडीच्या चिखलात लांब बाकदार चोचीचे कोरल. भुईगाव-कळंब-राजोडीच्या किनाऱ्यावर कुरव. किल्ल्यातल्या आणि देवळांजवळच्या वडा-पिंपळांना फळं धरली की हरियालांचे थवे यायचे. तोच हरियाल आज महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे, आणि तेव्हा तो बंदुकीवाल्यांचा फार आवडता होता, हेही सांगितलं पाहिजे.

ही पाखरं येतात कुठून, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. ‘वरून येतात’ एवढंच सांगितलं जायचं. आज कळतं की मध्य आशिया, सैबेरिया, मंगोलिया इकडून हिमालय ओलांडून हिंदी महासागराच्या किनाऱ्यांपर्यंत जी आकाशवाट आहे, तिच्यावर आमची खाजणं येतात. तीस देशांवरून जाते ही वाट. त्यातला एक मुक्काम वसई.

आता बंदूकवाले. काहींकडे शेतीच्या राखणीसाठी मिळालेला परवाना होता. रानडुक्कर येणार म्हणून घेतलेली बंदूक रानडुकरापेक्षा पाणलाव्यांवरच जास्त चाले, हे गावाला माहीत होतं. काही जण मुंबईहून रविवारी पहाटेच्या गाडीने वसई रोडला उतरायचे, खाकी पिशवी, पायात उंच बूट, आणि गावातला एखादा वाटाड्या बरोबर. डोंगराच्या बाजूला कातकरी, वारली पोरं गलोल आणि फासे घेऊन होला-तित्तर धरायची. त्यांच्यासाठी तो छंद नव्हता, संध्याकाळचं जेवण होतं. या सगळ्यांना एका मापाने मोजणं मला तेव्हाही बरोबर वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

आमच्या शेजारी एक काका होते. बारा बोअरची जुनी दोननळी. पाणलाव्यासाठी आठ नंबरचं काडतूस लागतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. काडतुसं महाग, म्हणून ती मोजून खिशात जायची आणि मोजून परत यायची. पाणलावा खुंटांतून उठतो तेव्हा सरळ उडतच नाही. डावी-उजवीकडे झोकांड्या खात तो वर जातो, आणि नेम धरेपर्यंत पन्नास पावलं लांब गेलेला असतो. काका सांगायचे, बसलेल्या पाखरावर बार टाकायचा नाही. पावसाळ्यात बंदूक तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवायची, कारण ते दिवस अंड्या-पिलांचे. पडलेलं पाखरू सापडेपर्यंत दुसरा बार नाही. चैत्र लागला की हंगाम संपला. आणि जे मारलं ते खायचं, वाटायचं, विकायचं नाही.

त्यांच्याइतकं खाजण कोणाला कळत होतं असं मला आठवत नाही. तिथीवरून भरती-ओहोटी सांगायचे. वारा फिरला की बदकं कोणत्या तळ्यावरून कोणत्या तळ्यावर जातील हे सांगायचे. पाणलावे गणपतीनंतर येतात, बदकांचे मोठे थवे दिवाळीनंतर उतरतात, कोरल सगळ्यांत आधी येऊन सगळ्यांत उशिरा जातो, ही त्यांची तोंडपाठ पंचांगं होती. पुस्तकं वाचून मी पुढे जे शिकलो त्यातलं बरंचसं त्यांनी मला खारीच्या, म्हणजे खारजमिनीच्या, बांधावर आधीच सांगून ठेवलं होतं.

पण हे चित्र एवढंच रंगवून सोडलं तर ते खोटं होईल. सगळे बंदूकवाले काकांसारखे नव्हते. बसलेल्या थव्यावर बार टाकून एका काडतुसात जितकी पडतील तितकी उचलणारेही होते. रात्री पेट्रोमॅक्स घेऊन जाळ्या लावणारे होते. लावऱ्या टोपल्यांत कोंबून, पंख बांधून बाजारात आणल्या जात आणि त्यांची धडपड बघवत नसे. छर्रा लागून जखमी झालेली कित्येक पाखरं तिवरांत जाऊन पडायची आणि कोणाला सापडायची नाहीत. शिवाय शिशाचे छर्रे चिखलातच राहायचे. बदकं दाणे दळण्यासाठी खडे गिळतात, त्या खड्यांबरोबर शिसं पोटात जातं आणि पाखरू झुरून मरतं. अमेरिकेने १९९१ मध्ये बदकांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर देशभर बंदी घातली ती यासाठी, आणि युरोपीय संघाने पाणथळींपुरती ती २०२३ मध्ये लागू केली. आमच्या खाजणांच्या चिखलात किती वर्षांचं शिसं पडून असेल, याचा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात आला नव्हता.

मारणारे आणि राखणारे हे तेव्हा दोन गट नव्हते. भांडण होतं, पण घराघरातलं. बंदूक खांद्यावर टाकून निघालेल्या नवऱ्याला बायको बोलायची. देऊळ-चर्चच्या आवारात कोणी कबुतरांवर छर्रा उडवला तर सगळं गाव तुटून पडायचं. आणि मोठ्या जगातही तसंच होतं. सलीम अलींना पक्ष्यांचं वेड लागलं ते लहानपणी एअरगनने पाडलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीपायी. ती ओळखता येईना म्हणून ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, तिथे सचिव मिलर्ड यांनी कपाटं उघडून दाखवली, आणि पुढचं सगळं आयुष्य ठरलं. १९८५ साली आलेल्या आत्मचरित्राला त्यांनी त्या चिमणीचंच नाव दिलं.

सलीम अलींची ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. त्यांचेच आप्त हुमायून अब्दुलअली मात्र मराठी वाचकांना फारसे माहीत नाहीत, आणि मला त्यांच्याबद्दल जास्त सांगावंसं वाटतं. हे गृहस्थ तरुणपणी हौशी शिकारी. बंदूक हाताळलेला, पाणलाव्यामागे चिखल तुडवलेला माणूस. पुढे याच माणसाने मुंबई प्रांताचा वन्य प्राणी आणि वन्य पक्षी संरक्षणाचा १९५१ चा कायदा घडवायला हातभार लावला. शिकारीला परवाना, त्यावर बंधनं, ही शिस्त त्या कायद्यात होती. पुढचा १९७२ चा केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायदा ज्या वाटेने आला, ती वाट अशा जुन्या कायद्यांनी पाडलेली आहे. म्हणजे पाखरांना संरक्षण हवं, हे पहिल्यांदा सांगणाऱ्यांमध्ये शिकारी पुढे होते. पाखरं कमी होताहेत हे बांधावर उभ्या असलेल्या माणसालाच आधी दिसणार.

१९७२ च्या कायद्याने शिकार एका दिवसात थांबवली नाही, हे आज पुष्कळांना माहीत नसतं. लहान शिकारीचा परवाना त्या कायद्यातही होता. तो गेला १९९१ च्या दुरुस्तीने. तेव्हापासून शौकासाठी पाखरू मारणं या देशात बेकायदा आहे, हंगाम कोणताही असो, जमीन कोणाचीही असो. गलोल, फासा, जाळी, बंदूक, सगळं एकच. अंडी फोडणं, घरटी उधळणंही कायद्याच्या भाषेत शिकारच. कावळ्याला मात्र तेव्हा उपद्रवी जातीत टाकलेलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीने तीही यादी काढून टाकली.

काकांनी नव्वदच्या दशकात बंदूक जमा केली. कुरकुर केली, पण केली. त्यानंतरच्या हिवाळ्यांत ते रिकाम्या हाताने खारीत जायचे आणि आम्हाला बरोबर न्यायचे. नेम धरायचा तेव्हा जसा श्वास रोखायचे, तसाच रोखून पाखरं बघायचे. माझ्या ओळखीतल्या आणखी काही घरांत हेच झालं. कायदा आला, माणसं वयाने थकली, आणि पहाटेचे बार हळूहळू थांबले. आता पाखरांचे दिवस येतील असं आम्हाला वाटलं.

ते आले नाहीत. बंदूक थांबत होती त्याच सुमारास जमीन जायला लागली होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईचा हिरवा पट्टा बांधकामाला खुला झाला. विहिरींतून टँकरने पाणी उपसून नेण्याचा धंदा फोफावला, गोड्या विहिरींत खारं पाणी शिरायला लागलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीचा लढा त्यातूनच आला, आणि ज्यांनी ते मोर्चे पाहिले त्यांना ते विसरता येणार नाहीत. जे काही हिरवं पश्चिमेला उरलं आहे त्यातलं पुष्कळ त्या लढ्यामुळे उरलं. फादर २०२४ च्या जुलैमध्ये गेले. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेलेली होती. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. प्रत्येक टप्प्याला एखादं बावखल बुजलं, एखादी खार मातीने भरली, एखाद्या ओहोळाचं गटार झालं. २०१८ च्या जुलैत वसई बुडाली, मिठागरांत कामगारांची कुटुंबं अडकून पडली, तेव्हा पाण्याने आपल्या जुन्या जागा बरोबर शोधून काढल्या.

पाखरांनाही त्याच जागा हव्यात, आणि त्यातल्या थोड्याच उरल्यात. गास-सनसिटी रस्त्याच्या दोन्ही अंगांची पाणथळ, भुईगावचा किनारा आणि खाजण, नायगावकडची मिठागरं, काही तळी. पूर्वी एका तळ्यावर बार झाला तर थवा उठून दुसऱ्या तळ्यावर जाऊन बसायचा. आज उठला तर जायचं कुठे? हजारो मैल उडून, अंगातली चरबी जाळून आलेलं पाखरू इथे उतरतं ते खाऊन पुन्हा अंग भरण्यासाठी. त्याला दिवसातून चार वेळा उठवलं तरी ते संपत जातं, छर्रा लागायचीही गरज नाही. ‘पूर्वी चालायचं’ म्हणणाऱ्यांना माझं पहिलं उत्तर हे आहे. पूर्वी चालत नव्हतं, पूर्वी खपून जायचं, कारण पाणी भरपूर होतं. ते पाणी आता नाही.

आणि आताचे मारणारे वेगळे आहेत. त्यांच्या हातात हवा भरून ठेवलेली पीसीपी रायफल असते, वर दुर्बीण. आवाज म्हणाल तर जोरात थुंकल्याएवढा. ठरावीक ताकदीच्या आतल्या एअरगनला शस्त्रपरवाना लागत नाही, त्यामुळे ती घरात येते तेव्हा पोलिसांना कळत नाही, आणि वापरली जाते तेव्हा शेजाऱ्यालाही कळत नाही. गाडी रस्त्याच्या कडेला लावायची, काच खाली करायची, बसलेल्या बगळ्यावर नेम धरायचा. बसलेल्याच. पडलेलं पाखरू उचलायला चिखलात उतरायची तयारी नसते, म्हणून पुष्कळदा ते तिथेच फडफडत राहतं. त्याचा फोटो निघतो, तो एखाद्या ग्रुपवर जातो. कोणी रिसॉर्टच्या पार्टीला चाखण्याला म्हणून पाणकोंबड्या आणतो, कोणी पैसे घेऊन जाळ्यातली पाखरं पुरवतो. या माणसांना भरती कधी येते ते ठाऊक नाही, आणि ज्याला मारलं त्याचं नाव विचारलं तर ‘काहीतरी बदक’ एवढंच सांगता येतं.

मला याचा राग येतो, आणि त्या रागात काकांच्या पिढीबद्दलचा जिव्हाळाही मिसळलेला आहे. कारण हेच लोक ‘आमची परंपरा’ म्हणतात. परंपरा म्हणायची तर तिच्यातला संयमही घ्यावा लागतो. पावसाळा पाळावा लागतो, हंगाम संपला की थांबावं लागतं, आणि कायदा आला की बंदूक जमा करावी लागते. तीही परंपराच होती.

दुसरा युक्तिवाद जास्त अवघड आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ‘बिल्डरांनी तळीच्या तळी बुजवली तेव्हा हे दुर्बीणवाले कुठे होते? आमच्या चार पाखरांवरच कायदा का?’ असं एक तरुण मला भुईगावच्या वाटेवर चिडून बोलला होता. त्याच्या बोलण्यात खोटं काय आहे? तळं बुजवणाऱ्याने एका रात्रीत जितकी पाखरं घालवली तितकी कोणत्याही बंदुकीने घालवली नसतील. तिवरं तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मनाई केली, २०१८ च्या निकालात ती आणखी पक्की केली, तरी तिवरांत मातीचे ट्रक येतातच. आणि कारवाई होते तेव्हा गलोल घेतलेला आदिवासी पोरगा पहिल्यांदा सापडतो, गाडीतून आलेला रायफलवाला सुटतो, ही तक्रारही मी खरी मानतो. पण यातून निघतं ते एवढंच की भराव घालणाऱ्यालाही धरा. पाखरू मारायची मोकळीक त्यातून निघत नाही. उलट ज्या जमिनीवर आधीच दोन बाजूंनी मार बसतोय तिथे तिसरा आपण कशाला घालायचा?

राखणाऱ्यांची बाजूही मी जवळून पाहतो. वसईत पाखरं बघणारी, मोजणारी, फोटो काढणारी पोरं-पोरी आज पुष्कळ आहेत आणि ही आनंदाची गोष्ट आहे. आमच्या लहानपणी दुर्बीण फक्त जहाजावरच्या माणसाकडे असते असं वाटायचं. आज कॉलेजात जाणारी मुलगी तुतवारांच्या चार जाती शेपटीच्या पट्ट्यावरून वेगळ्या सांगते. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. आशियाभर ती १९८७ पासून चालू आहे. तिच्यात ही मुलं थंडीत पहाटे उठून जातात. पण हीच मुलं एअरगनवाल्यासमोर एकटी पडतात. ‘तुझ्या बापाची जमीन आहे का?’ इथपासून सुरुवात होते. कॅमेरा हिसकावण्यापर्यंत जाते. पोलिसांना फोन केला तर वनखात्याला सांगा म्हणतात, तिथे फोन केला तर ही जागा आमच्या हद्दीत नाही असं उत्तर मिळतं. मिठागर केंद्राचं, तिवरं वनखात्याची, बांध खाजगी, किनारा आणखी कोणाचा. पाखराला मात्र हद्द माहीत नसते आणि छर्ऱ्यालाही.

एक गोष्ट या मुलांनाही प्रेमाने सांगायची आहे. दुर्मीळ पाखरू दिसलं की त्याची जागा खुणेसकट सगळ्या ग्रुपवर टाकू नका. ती माहिती फोटो काढणाऱ्यांकडे जाते तशीच रायफलवाल्याकडेही जाते. घरट्याचा पत्ता तर कधीच नाही. काकांच्या पिढीतले शिकारी आपली तळी कोणाला सांगत नसत. त्यांची कारणं स्वार्थी होती, पण सवय चांगली होती.

हे भांडण फक्त आपल्याकडचं नाही. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर वसंतात येणाऱ्या पाखरांची शिकार बंद करावी की नाही यावर २०१५ च्या एप्रिलमध्ये देशभर मतदान झालं आणि शिकारी अगदी निसटत्या मताधिक्याने जिंकले. तिकडे शिकाऱ्यांची संघटना मजबूत आहे, त्यांचा मतांवर वजनदार हात आहे. आपल्याकडे उलटं उदाहरण घडलं. नागालँडमध्ये वोखा जिल्ह्यातल्या दोयांग जलाशयाजवळ अमूर ससाण्यांचे प्रचंड थवे जाळ्यांत धरले जात. २०१२ मध्ये ती चित्रं जगासमोर आली. पुढच्याच हंगामात, २०१३ मध्ये, पांगती आणि आसपासच्या गावांनी शिकार थांबवली. त्याच वर्षी तीन ससाण्यांना उपग्रहाचे टॅग लावले गेले, त्यातल्या एकाचं नाव गावावरूनच पांगती ठेवलं. नागालँडहून निघालेले हे ससाणे भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेला जातात.

पांगतीत कायदा आधीपासून होता. फरक पडला तो गावाने, चर्चने, ग्रामपरिषदेने मनावर घेतल्यावर. वसईत हे का होऊ नये? इथेही गावं आहेत, चर्चं आहेत, देवस्थानं आहेत, कोळ्यांच्या जमाती आहेत, मिठागर कामगार आहेत. खाजणात रोज उतरणाऱ्या माणसाला एअरगनवाली गाडी कोणत्या वळणावर थांबते हे आमच्या सगळ्या कॅमेऱ्यांपेक्षा आधी कळतं. आणि अजून जुने शिकारी हयात आहेत, ऐंशीच्या घरातले. कुठे कोणतं पाखरू उतरायचं, कोणतं तळं कोणत्या महिन्यात भरायचं, कोणत्या उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, पाणी यायचं, हे त्यांच्या डोक्यात आहे आणि कुठेही लिहिलेलं नाही. ती माणसं गेली की वसईच्या पाण्याचा अर्धा नकाशा जाईल. त्यांना गुन्हेगार म्हणून नव्हे, जाणते म्हणून बोलतं केलं पाहिजे, या हिवाळ्यातच.

कायद्यात काय आहे तेही लोकांना माहीत असू द्या. पहिल्या अनुसूचीतल्या पाखराची शिकार केली तर किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड. इतर संरक्षित पाखरांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसता प्रयत्नही गुन्हा. झडती आणि जप्तीचा अधिकार फक्त वनखात्याला नाही, उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यालाही आहे. म्हणून ‘आमचं काम नाही’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. आणि कोणीच दाद दिली नाही तर साधा नागरिकही साठ दिवसांची रीतसर नोटीस देऊन स्वतः न्यायालयात तक्रार करू शकतो.

बंदूक घेतलेल्या माणसाशी एकट्याने वाद घालू नका. गाडीचा क्रमांक टिपा, जागा आणि वेळ लिहून ठेवा, लांबून फोटो घ्या, पडलेलं पाखरू आणि छर्रा तिथेच राहू द्या, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. घरात एअरगन असेल तर ती मुलांच्या हातात देऊन त्यांना खारीवर पाठवू नका. आणि पाणकोंबडी, लावरी, बदक कोणी विकायला आणलं तर विकत घेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. गिऱ्हाईक नसेल तर निम्मी शिकार या हिवाळ्यातच थांबेल.